रिकाम्या खुर्चीचा हात

१

माझी नोकरी नाही म्हणण्याची आहे. तोंडाने नव्हे, हाताने. पुढच्या खुर्चीवरच्या माणसाने हात वर केला, की मी माझा खाली ठेवायचा. त्याने खाली घेतला, की मी वर करायचा. एवढंच काम. या जागेला आमच्या गणनालयात 'नाहीवाला' म्हणतात आणि ती कायमची आहे, पेन्शनसकट. लग्न जमवताना मामांनी "मुलगा गणनालयात आहे" एवढंच सांगितलं होतं. मी तिथे नेमकं काय करतो हे बायकोला लग्नानंतर कळलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे घरी जे फुकट करता, त्याचा तिकडे पगार मिळतो."

विचार करणारी यंत्रं बंद झाली ती का आणि कशी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्यात शिरत नाही. यंत्रं गेली, पण हिशोब राहिले. पूल किती वजन पेलेल, कुठल्या भागाला किती पाणी सोडायचं, हे कोणीतरी काढायला हवंच होतं. म्हणून माणसं बसवली. एक मोठं दालन, त्यात रांगा, रांगांत खुर्च्या आणि खुर्च्यांवर आम्ही गणक. समोरच्या भिंतीवर दिवे. वरच्या मजल्यावरून प्रश्न आला, की साहेब त्याप्रमाणे दिवे लावतात. पहिल्या खुर्च्या दिवे बघून हात हलवतात, त्यांच्या मागचे त्यांना बघून, त्यांच्या मागचे त्यांना. असं होत होत शेवटच्या रांगेत उत्तर निघतं. मधल्या कोणालाही प्रश्न माहीत नसतो. मी आजवर किती पूल उभे केले आणि किती जणांचं पाणी तोडलं, देव जाणे.

एकच नियम कडक आहे. मागे वळून बघायचं नाही. ज्याने त्याने आपल्या पुढच्याकडे बघायचं.

या कामाने माणूस हळूहळू गप्प होत जातो. दिवसभर हातच बोलतो, जिभेची सवय मोडते. आमच्यातले काही जण आता घरीही नुसती मान हलवतात म्हणे. माझी जीभ अजून "हो", "नाही", "बघू" इथवर टिकून आहे, आणि त्याचं सगळं श्रेय बायकोला. तिचं कपडे शिवायचं दुकान आहे. खाली दुकान, वर आम्ही. ती तोंडात टाचण्या धरूनही बोलते. गिऱ्हाइकांबद्दल, त्यांच्या कमरांबद्दल, समोरच्या न्हाव्याबद्दल, माझ्याबद्दल. मी संध्याकाळी मागच्या स्टुलावर बसून ऐकतो. लोकांना घर म्हणजे चार भिंती वाटतात. मला ती बडबड म्हणजे घर वाटतं.

२

माझ्या पुढच्या खुर्चीवर, पहिल्याच रांगेत, काका बसायचे. सगळे त्यांना काकाच म्हणत. त्यांच्या टकलाकडे बघत माझी उमेदीची वर्षं गेली. ते निवृत्त झाले, आम्ही हार घातला, ते मुलीकडे राहायला गेले आणि खुर्ची रिकामी झाली.

रिकाम्या खुर्चीचाही नियम आहे: रिकामी खुर्ची म्हणजे खाली हात. म्हणजे मी काय करायचं? अखंड वर. दुपारपर्यंत माझा खांदा भरून आला. चहाच्या सुट्टीत मी साहेबांकडे गेलो.

साहेब तसे सज्जन. फक्त घाबरट. "माणूस मिळत नाहीये हो," ते म्हणाले. "आजकाल कोणाला असं निवांत बसायला नको असतं. तुमच्या मिसेस काय करतात?"

"शिवतात."

"मग हाताला सवय असणारच. आणा त्यांना."

"नको."

"तुमचं नको मी धरत नाही," साहेब हसले. "ते तुमचं कामच आहे."

मी हे घरी सांगायलाच नको होतं. पण बायकोने चेहऱ्यावरून ओळखलं आणि काढून घेतलं. मला वाटलं होतं, ती हसण्यावारी नेईल. तिने टाचण्या तोंडातून काढून नीट डबीत ठेवल्या. हे लक्षण चांगलं नव्हतं.

"बसून काम आहे," ती म्हणाली. "आणि गिऱ्हाइकांची कटकट नाही. विचार करते."

"अगं, तिथे कोणी बोलत नाही."

"मी बोलेन की."

"सुरुवातीला सगळेच बोलतात," मी म्हणालो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. टेबलापलीकडे बसून ती नुसती मान हलवते आहे, असं चित्र डोळ्यांसमोरून हलेना. मनाशी ठरवलं, वाटेल ते होवो, हिला त्या दालनात येऊ द्यायचं नाही.

३

दुसऱ्या दिवशी मी हात वर करून बसलो होतो. समोर खुर्ची, खुर्चीत कोणी नाही. आणि माझा हात खाली आला.

दमून आला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण दमलेला हात कापत कापत येतो. हा कामावर असल्यासारखा आला, नेहमीच्या बेताने, आणि थोड्या वेळाने तसाच वर गेला. मग परत खाली. पुढे कोणीतरी बसलं असावं आणि मी त्याला उत्तर देत असावा, अगदी तसं.

मी शहाणा माणूस आहे. मी कारणं शोधली. सवय हे पहिलं कारण. इतकी वर्षं काकांना बघून हात हलला, तो आता त्यांच्याशिवाय हलतोय. पाय नाही का जुन्या घराच्या रस्त्याला वळत? मग मी डोळे मिटून पाहिले. मिटल्या डोळ्यांनीही हात हलतच राहिला. डोळे मिटून काम करण्यात एक सुख आहे हेही त्या दिवशी कळलं. पण कारण काही सापडलं नाही.

चहाच्या सुट्टीत मी माझ्या मागच्या दोन्हीवालीला विचारलं. माझा आणि शेजारच्याचा, दोघांचेही हात वर असले तरच तिने आपला वर करायचा, म्हणून ती दोन्हीवाली. ती बोलते कमी, पण बोलली की टोचून.

"माझा हात आज कसा चालला होता?"

"काकांच्या वेळेपेक्षा बरा," ती म्हणाली. "काकांना मधेमधे डुलकी लागायची."

"पण खुर्ची रिकामी आहे."

"मला तुमची पाठ दिसते. पुढचं तुम्ही बघा."

संध्याकाळी साहेब स्वतः आले. वरून निरोप होता, आजची उत्तरं फार सुंदर आली. "आता माणूस शोधायची गरज दिसत नाही," ते हात चोळत म्हणाले. "रिकामी खुर्ची रजा मागत नाही. मिसेसना सांगा, तसदी घेऊ नका."

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. पण हे ऐकल्यावर मला इतका आनंद झाला, की मी भीतीला म्हटलं, तू जरा थांब. बायको वाचली. खुर्चीत कोण बसतंय याच्याशी मला काय करायचं होतं? ती बसत नव्हती ना, मग झालं.

४

पुढचे काही दिवस बरे गेले. मग बायको खांदा चोळायला लागली.

"उजवा हात नुसता भरून येतोय," ती म्हणाली. "दिवसभर कोणीतरी टांगून ठेवल्यासारखा."

"कातरकाम जास्त झालं असेल."

"कातरकाम खाली होतं. हा वर दुखतो." मग ती हसली. "गंमत सांगू? मी हात वर करते, वरच्या फळीवरचं काहीतरी काढायला. आणि काय काढायचं होतं तेच आठवत नाही. परत खाली घेते. म्हातारी झाले."

तिने एक कोट दाखवला. बँकेतल्या कोणाचा तरी होता, अगदी उत्तम शिवलेला. फक्त उजवी बाही अशी जोडली होती, की घालणाऱ्याचा हात कायम वरच राहावा.

"त्यांना दाखवला?"

"घालून पाहिला त्यांनी," बायको म्हणाली. "मला वाटलं, आता ओरडणार. तर म्हणाले, हाच बरा वाटतोय. घालूनच गेले ते, तासाभराने परत आणून दिला. बायकोला आवडला नाही म्हणे."

ती हसत होती, मीही हसलो. खुंटीवर तो कोट हात वर करून टांगला होता. मी तो काढून कपाटात ठेवला आणि कपाटाचं दार लावून घेतलं. कोटाला मी घाबरत नाही. तरीही लावलं.

५

मी रजा टाकली. पोट बिघडलंय असं कळवलं. गणनालयाची वेळ झाली तेव्हा मी दुकानात, तिच्या मागच्या स्टुलावर बसलो होतो.

शिवणयंत्र चालू होतं, ती बोलत होती. न्हाव्याची सासू कशी त्याच्याकडेच केस कापायला येते आणि पैसे कसे देत नाही, हे चाललं होतं. वाक्याच्या मधेच तिचा उजवा हात वर गेला. यंत्र थांबलं. तोंड थांबलं नाही. "आणि वर म्हणते, मागून जास्त कापलेस." हात खाली आला, यंत्र सुरू झालं.

माझा हातही हलला होता, तिच्या उलट. ती वर, मी खाली. ती खाली, मी वर. मी तिच्या पाठीकडे बघत होतो आणि मला वाटलं, आपण कामावरच आहोत.

मग माझं लक्ष काचेतून बाहेर गेलं.

समोर न्हाव्याने वस्तरा उचलला आणि तसाच धरून ठेवला. खाली गिऱ्हाईक फेस लावून निवांत. त्याच्या शेजारी चपला शिवणाऱ्याचा हात वर गेला, न्हाव्याचा खाली आला. पलीकडच्या गॅलरीत एक बाई चादर झटकत होती. तिने चादर उंच धरली आणि खाली सोडेना. तिच्यापुढे बसथांब्यावरचा माणूस, बस नसताना बसला हात करत होता. यातलं कोणी गणनालयात नव्हतं. यातल्या कोणाला पगार नव्हता. रस्ता जिथे वळतो तिथपर्यंत हात वर जात होते, खाली येत होते, एकापाठोपाठ एक, आणि लोक आपापली कामं करत होते, गप्पा मारत होते, कोणाला काही विशेष वाटत नव्हतं.

मी उठलो आणि बायकोचा हात मनगटाला धरून टेबलावर दाबला.

"अहो, हे काय?"

"जरा थांब."

"कापड फाटेल."

"फाटू दे."

तिच्या मनगटातून हात वर जायला बघत होता. जोर नव्हता, घाई नव्हती. लहान मूल बोट धरून ओढतं तेवढीच ओढ. पण थांबेचना. बाहेर सगळे हात जिथल्या तिथे थांबले. न्हाव्याने वळून आमच्या काचेकडे पाहिलं. चपला शिवणाऱ्याने पाहिलं. गॅलरीतल्या बाईने चादरीच्या कडेने पाहिलं. कोणी रागावलेलं नव्हतं. तिकिटाच्या खिडकीशी पुढचा माणूस सुटे शोधत बसला की मागचे जसे बघतात, तसे सगळे बघत होते.

"सोडा ना," बायको म्हणाली. "माणसाला काम असतं."

आणि तिचा डावा हात वर गेला.

तिने मान वर करून त्या हाताकडे पाहिलं. जराशी चकित झाली. मग म्हणाली, "हा कशाला?" आणि रस्ता पुढे सुरू झाला.

६

मी तडक गणनालयात गेलो. साहेब त्यांच्या खोलीत थंडगार चहा समोर ठेवून बसले होते.

"साहेब, हा कुठला हिशोब चाललाय?"

"कुठला म्हणजे? वरून आलेला."

"वरून काय आलंय?"

साहेबांनी दार लोटून घेतलं. "तुम्हाला म्हणून सांगतो," ते हळू आवाजात म्हणाले. "काका गेल्यापासून वरून प्रश्न आलेला नाही. एक दिवा मी लावलेला नाही."

"मग आम्ही करतोय काय?"

"ते मलाही कळत नाही. पण उत्तरं येतायत. मी वर पाठवतो, वरचे शाबासकी देतात."

"उत्तरं बरोबर आहेत हे त्यांना कसं कळतं?"

साहेबांनी विचार केला. "कोणाची तक्रार नाही," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे पाणावले. "मला फार भीती वाटते हो. पण तक्रार नसताना काम थांबवायचं कसं? वर काय लिहू?"

त्यांच्याकडून काही होणार नव्हतं. मी दालनात गेलो. सगळे बसलेले, सगळ्यांचे हात चाललेले. मला जे सुचलं ते सरळ होतं. बायकोला त्या खुर्चीची जागा भरायला लावलंय, कारण खुर्ची रिकामी आहे. मग मीच तिथे बसलो तर? मी माझी खुर्ची सोडली आणि काकांच्या खुर्चीवर जाऊन बसलो.

समोर भिंत. भिंतीवर माझ्या वाट्याचा दिवा, विझलेला, वर धुळीचा थर. आणि माझा हात वर गेला. आत्तापर्यंत तो कोणाच्या तरी उलट जायचा, आता कोणाच्या तरी म्हणण्याने जात होता. पुढे भिंतीशिवाय काही नव्हतं. मी भिंतीकडे फार वेळ पाहिलं नाही. भिंतीतून आपल्याकडे कोणी बघत असेल असं एकदा मनात आलं, की तिथे टकलू काकांनी इतकी वर्षं कशी काढली याचंच आश्चर्य वाटायला लागतं.

घरी गेलो तेव्हा बायकोच्या खांद्याचं दुखणं उतरलं होतं. ती खुशीत होती. तिने न्हाव्याच्या सासूची गोष्ट पहिल्यापासून सांगितली आणि मी सगळी ऐकली. मला रडू आलं. ती म्हणाली, "इतकी काही दुःखाची गोष्ट नाही ती."

७

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत दोन्हीवाली स्वतःहून बोलली. असं ती करत नाही.

"खुर्ची बदललीत तरी काम छान चाललंय तुमचं."

"माझं? मी तर पुढे गेलो. तुझ्यासमोरची खुर्ची रिकामी आहे."

"मला तसं वाटत नाही," ती म्हणाली. "मला सगळं व्यवस्थित कळतंय. कधी वर, कधी खाली."

मी धावत घरी आलो. बायको पाठमोरी नव्हती, टेबलामागे दाराकडे तोंड करून उभी राहून कापड मोजत होती. मी टोपी काढून खुंटीवर ठेवायला हात वर केला. तिचा हात खाली पडला. मी हात खाली घेतला. तिचा वर गेला, मोजपट्टीसकट.

मी एक खुर्ची पुढे गेलो होतो आणि ती माझ्या मागोमाग माझ्या खुर्चीवर आली होती. कुठेही गेलो असतो तरी आली असती. लग्नच तसं झालंय आमचं.

"जेवायला वाढू?" तिने विचारलं, आणि मी "हो" म्हणायच्या आत तीच म्हणाली, "नाही." मग थांबली. ओठांवर बोट ठेवून उभी राहिली. "असं का म्हटलं मी?"

तिला भीती वाटलेली मी पहिल्यांदा पाहिली. एवढं बोलणारी बाई, तिला पुढचा शब्द सापडेना.

तेव्हा मला एक गोष्ट लख्ख दिसली. मी गणित शिकलेलो नाही, पण नाहीवाल्याचं काम माझ्याइतकं कोणाला कळत नाही. पुढच्याचा हात वर, तर मागच्याचा खाली. माझा हात वर असेपर्यंत तिचा खाली राहतो, म्हणजे तिचा तिच्याकडे राहतो. ती शिवू शकते, कातरू शकते, बोलू शकते. मी हात वर ठेवायचा आणि खाली घ्यायचा नाही. कोणी काही म्हणो.

आज सुट्टी आहे, उजेडाची दुपार आहे. मी दुकानात स्टुलावर बसलोय. उजवा हात पडद्याच्या कडीला मोजपट्टीने बांधून घेतलाय, कारण ओढ आता खालून येते. सकाळी हलकी होती, आता तितकी हलकी नाही. डावा मांडीखाली दाबून बसलोय, त्याचा मला भरवसा नाही. बायकोने आधी मला वेड्यात काढलं. मग तिला बरं वाटायला लागलं तसं तिने फार विचारलं नाही. दोन वेळा मला घास भरवला आणि मिशीत भात अडकला म्हणून हसली. आता ती बँकवाल्याच्या कोटाची बाही उसवून नव्याने जोडतेय आणि गेल्या कितीतरी दिवसांचं साठलेलं बोलतेय. ऐकायला इतकं छान वाटतंय, की सांगता येत नाही.

बाहेर रस्ता थांबलाय. न्हावी दुकानाच्या पायरीवर आलाय, चपला शिवणारा त्याच्या शेजारी. गॅलरीतली बाई खाली उतरलीय. मागून लोक येतायत आणि एकामागे एक उभे राहतायत, नीट, पुढच्याच्या पाठीकडे बघत. रांग आमच्या दाराशी सुरू होते. कोणी ढकलत नाही, कोणी बोलत नाही.

दारावर टकटक झाली. हळूच, अदबीने.

"कोणीतरी आलंय," बायको म्हणाली. "मी बघू का?"

"नको. तू बोल. त्या सासूचं पुढे काय झालं?"

"ते राहिलंच की," ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवत सांगू लागली.